तापलेल्या सिलिकॉनवरचा पापुद्रा



पत्रिकेतले आजच्या विषयाचे नाव वाचून काहींना नवल वाटले असेल. जन्मभर कामगार संघटनेचे काम केलेल्या माणसाने बोनसवर बोलावे, कंत्राटी पद्धतीवर बोलावे. सिलिकॉनचे सूक्ष्म कण तापवले असता त्यांचे काय होते, याच्याशी त्याचे काय नाते? नाते आहे, आणि ते एका वेतनकराराच्या वाटाघाटीतून जुळले आहे.

मी उमेदीची वर्षे ज्या कारखान्यात काढली तेथे हत्यारांना पाणी देण्याचा एक विभाग होता. छिन्नी लालबुंद तापवून एकदम बुडवली की ती कठीण होते, पण काचेसारखी ठिसूळही होते. म्हणून तिला पुन्हा हलकेच तापवावे लागते. हे दुसरे तापवणे नेमके कोठे थांबवावयाचे, हे आमच्यातले एक वयस्क कामगार पोलादाच्या रंगावरून ठरवीत. आम्ही सारे त्यांना मामा म्हणत असू. घासून चकचकीत केलेल्या टोकावर आधी फिकट गवती पिवळा रंग येतो, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. गवती रंग सुमारे २३० अंश सेंटिग्रेडला दिसतो, निळा ३०० च्या आसपास. मामांजवळ उष्णतामापक नव्हता. रंग आला की छिन्नी पाण्यात. करारात श्रेणी ठरू लागल्या तेव्हा मामांना ‘अर्धकुशल’ या सदरात बसवले गेले. मी हरकत घेतली. समोरचे गृहस्थ म्हणाले, “रंग बघायला कसले आले आहे कौशल्य?” त्या दिवशी मला उत्तर सुचले नाही. मामा अर्धकुशल म्हणूनच निवृत्त झाले.

उत्तर शोधण्यासाठी मी वाचनालयात बसू लागलो. तेथे पहिली गोष्ट कळली ती अशी की, तो रंग पोलादाचा नव्हेच. तापलेल्या पोलादाचा हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन त्यावर एक पारदर्शक पापुद्रा धरतो. पापुद्र्याच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठांवरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात, आणि पापुद्रा जसा जाड होत जाईल तसा रंग पालटतो. म्हणजे मामा डोळ्यांनी पापुद्र्याची जाडी मोजीत होते, आणि ही जाडी होती मिलिमीटरच्या लाखाव्या भागांच्या हिशेबातली! दुसरी गोष्ट कळली ती याहून मोठी होती. याच रीतीने, रंग पाहून, सिलिकॉनच्या चकत्यांवरचा पापुद्रा ओळखणारी माणसे एका फार वेगळ्या उद्योगात होती, आणि त्या पापुद्र्यावर आजचे सारे संगणक उभे आहेत. त्या पापुद्र्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

आपल्या पायाखालची वाळू बव्हंशी सिलिका, म्हणजे सिलिकॉन आणि प्राणवायू यांचे संयुग. पृथ्वीच्या कवचाच्या वजनातला चौथ्या हिश्श्याहून अधिक भाग सिलिकॉनचा आहे. पण सुटे सिलिकॉन निसर्गात मिळत नाही, इतकी त्याची प्राणवायूशी सलगी. ते वेगळे काढण्याचा मान स्वीडनच्या बर्झेलियसकडे जातो. १८२४ साली त्याच्या हाती लागली ती एक तपकिरी, तेजहीन भुकटी. ती हवेत तापवली तर पेटते. पण पुरती जळत नाही! थोडा भाग जळून त्याची सिलिका होते, ती सिलिका उरलेल्या कणांवर बसते, आणि आतल्या सिलिकॉनला प्राणवायू मिळेनासा होतो. एकोणिसाव्या शतकातल्या रसायनाच्या पाठ्यपुस्तकांत हे वर्णन आढळते. एका ओळीत येते आणि लेखक पुढे जातो. आगीनेच आगीला अटकाव केला, हे त्या ओळीत होते. पण त्याचा उपयोग काय, हे कळावयास सव्वाशे वर्षांहून अधिक काळ जावा लागला.

लोखंडाची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. दमट हवेतला लोखंडाचा गंज सच्छिद्र असतो, तो सुटतो, खाली नवे लोखंड उघडे पडते आणि खाणे चालूच राहते. सिलिकॉनचा गंज, त्याला गंज म्हणावयाचे तर, काचेचा असतो. तो अंगाला घट्ट चिकटतो, पाण्यात विरघळत नाही, वीज वाहू देत नाही. साध्या हवेत, न तापवताही, सिलिकॉनवर त्याचा एक-दोन नॅनोमीटरचा थर धरतोच. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. हे माप आपल्याला शेवटपर्यंत लागणार आहे.

आता १९५५ सालच्या अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या बेल प्रयोगशाळेत चला. ट्रान्झिस्टर तेथेच डिसेंबर १९४७ मध्ये जन्मला होता, परंतु जर्मेनियमचा. जर्मेनियम उष्णतेला कच्चे, आणि त्याचा पापुद्रा पाण्यात विरघळणारा. म्हणून शास्त्रज्ञांची नजर सिलिकॉनकडे वळली होती. सिलिकॉनच्या चकतीत फॉस्फरस, बोरॉन अशी द्रव्ये किंचित मुरवावी लागतात, आणि त्यासाठी ती चकती हजार अंशांच्या वर, वायूच्या झोतात, नळीच्या भट्टीत ठेवावी लागते. येथे अडचण अशी येई की चकती बाहेर काढावी तो तिच्यावर खड्डेच खड्डे. हे काम पाहणारे दोघे: कार्ल फ्रॉश हे रसायनशास्त्रज्ञ आणि लिंकन डेरिक हे त्यांचे तंत्रज्ञ. १९५५ च्या आरंभी एके दिवशी भट्टीतल्या हायड्रोजनने अवचित पेट घेतला. हायड्रोजन जळला की पाणी होते. नळीत वाफ झाली. काम बिघडले असे वाटावयाचे, तर बाहेर आलेल्या चकतीवर खड्डे नव्हते. वाफेतल्या प्राणवायूने तिच्यावर काचेचा सलग थर चढवला होता, आणि त्या थराने तिला भट्टीपासून वाचवले होते.

भट्टीवर काम केलेल्या कोणालाही हा प्रसंग ओळखीचा वाटेल. भट्टीत रोज काही ना काही बिघडते. बिघडलेला माल फेकून न देता उजेडात धरून पाहणे, यातच कसब आहे. त्या दोघांनी पाहिले. मग हेतुपुरस्सर वाफ सोडून प्रयोग केले, आणि दुसरा, अधिक मोलाचा शोध लागला: हा थर बोरॉन आणि फॉस्फरस यांना अडवतो. म्हणजे थरात हवी तेथे खिडकी कोरावी. द्रव्य खिडकीतूनच आत शिरेल, बाकीची चकती झाकलेली राहील. कापडावर ठसे उठवणारे छापकाम करणारे हेच करतात. जेथे रंग नको तेथे मेण लावतात. १९५७ साली हे काम प्रसिद्ध झाले, त्याच वर्षी पेटंटही मिळाले, आणि दोन्हींवर फ्रॉश यांच्याबरोबर डेरिक यांचे नाव आहे.

हे नाव वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो होतो, हे येथे कबूल करतो. तंत्रज्ञाचे नाव शोधनिबंधावर येणे ही साधी गोष्ट नव्हे. पुढच्या लोकप्रिय इतिहासांत मात्र ते गळत जाते, आणि मोठमोठ्या कंपन्यांच्या संस्थापकांची नावे उरतात.

पुढली पाच वर्षे धावपळीची आहेत. ती मी झपाट्याने सांगतो. बेल प्रयोगशाळेतच महंमद अटाला या इजिप्तमध्ये जन्मलेल्या अभियंत्याने १९५९ साली दाखवले की, स्वच्छ सिलिकॉनवर उष्णतेने वाढवलेला हा थर पृष्ठभागावरची विजेची चंचलता शमवतो. त्याने आणि सेऊलहून आलेल्या डॉन कांग यांनी या थरावर आधारलेला नवा ट्रान्झिस्टर १९६० साली पुढे ठेवला. आज जगात तयार होणाऱ्या बहुतेक सर्व ट्रान्झिस्टरांचा तो पूर्वज. तिकडे कॅलिफोर्नियात फेअरचाइल्ड कंपनीत वेगळेच संकट होते. डबीत बंद केलेल्या ट्रान्झिस्टरवर पेन्सिलीने टिचकी मारली तरी काही निकामी होत, कारण आत सुटलेला एखादा कण उघड्या सांध्यावर जाऊन बसे. काम झाल्यावर तो पापुद्रा घाण समजून आम्लाने धुऊन टाकण्याची तेव्हा रीत होती. जीनिव्हाच्या ज्याँ हॉर्नी यांनी म्हटले, धुऊ नका, राहू द्या. धूळ बसेल ती काचेवर बसेल. त्यांची ही कल्पना १९५७ च्या अखेरीची आणि अंमल १९५९ चा. तिच्यातूनच सपाट चकतीवर एकत्र जोडलेली मंडले निघाली.

आता त्या पापुद्र्यावर एवढा भार पडल्यावर तो किती वेळात किती वाढतो, हे अंदाजाने भागणारे नव्हते. काम करणारी माणसे रंग पाहत. सिलिकॉनवर १०० नॅनोमीटरचा थर जांभळट दिसतो, १२० चा गडद निळा, २०० चा फिकट सोनेरी. मामांना तेथे नेऊन उभे केले असते तर आठवड्यात शिकले असते! पण रंगाने झालेली जाडी कळते, होणारी कळत नाही. ते गणित १९६५ साली ब्रूस डील आणि अँड्रू ग्रोव्ह यांनी मांडले. ग्रोव्ह बुडापेस्टचे, १९५६ च्या उठावानंतर हंगेरी सोडून आलेले निर्वासित. १९६३ साली फेअरचाइल्डमध्ये लागले. डील हे कसोशीने मोजमाप करणारे रसायनशास्त्रज्ञ. ७०० ते १३०० अंशांपर्यंतचे मोजमाप त्यांच्या सूत्रात बसले.

सूत्र कागदावर लिहिण्याऐवजी मी एक बोगदा सांगतो. बोगद्याच्या आतल्या टोकाला गवंडी विटा रचत पुढे सरकत आहेत आणि विटा बाहेरून डोक्यावर वाहून आणाव्या लागतात. बोगदा आखूड असताना विटांचा ढीग पडलेला असतो. काम गवंड्याच्या हाताच्या वेगाने चालते. बोगदा लांबला की गवंडी रिकामा बसतो आणि काम वाहणाऱ्यांच्या पायांच्या वेगाने चालते. सिलिकॉनचे असेच आहे. नवा पापुद्रा वरून चढत नाही; प्राणवायू आधीच्या पापुद्र्यातून झिरपत आत जातो आणि काच आत, सिलिकॉनच्या सीमेवर बनते. आरंभी वेळेच्या प्रमाणात जाडी वाढते. पुढे जाडी दुप्पट करावयास चौपट वेळ लागू लागतो. वाफेतले काम जलद होते. हजार अंशांना एका तासात वाफेत सुमारे ४०० नॅनोमीटर थर चढतो, कोरड्या प्राणवायूत त्याच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी.

याच सुमारास आणखी एक कोडे सुटले. नवे ट्रान्झिस्टर दिवसागणिक आपले गुण बदलत. कारण निघाले सोडियम, म्हणजे मिठातला धातू. तो पापुद्र्यात शिरून विजेच्या ओढीने इकडेतिकडे सरकत असे. तो भट्टीच्या नळ्यांतून येई, तारांतून येई, माणसाच्या घामेजल्या बोटांतूनही येई. आज त्या कारखान्यांत माणसे डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली दिसतात. ते कपडे माणसाच्या रक्षणासाठी आहेत असा पुष्कळांचा समज असतो. ते मालाच्या रक्षणासाठी आहेत.

परंतु डील आणि ग्रोव्ह यांच्या निबंधात एक मर्यादा प्रामाणिकपणे नोंदलेली आहे. त्यांचे सूत्र ३० नॅनोमीटरच्या वरच्या थरांना लागू पडे. त्याखाली, कोरड्या प्राणवायूत, थर सूत्राने सांगितल्यापेक्षा भराभर वाढतो. १९६५ साली ३० नॅनोमीटर म्हणजे उपेक्षणीय गोष्ट होती. आज ज्या कणांची चर्चा आहे ते संबंध कणच त्याहून लहान असतात.

लहान म्हणजे काय, याचा हिशेब घ्या. २० नॅनोमीटर व्यासाच्या कणांची एक ग्रॅम भुकटी घेतली तर तिच्या सर्व कणांचे पृष्ठफळ मिळून सुमारे १३० चौरस मीटर भरते. दहा बाय बाराच्या चाळीतल्या अकरा-बारा खोल्यांची जमीन चिमटीत मावते! एवढे अंग हवेला उघडे, म्हणून प्राणवायूशी संयोगही त्या मानाने मोठा. १० नॅनोमीटरच्या कणावर नुसत्या हवेने एक नॅनोमीटरचा पापुद्रा धरला, तर घनफळाने तो कण निम्मा सिलिकाच झालेला असतो. भट्टीत घालण्यापूर्वीच! मग अशी भुकटी तापवली तर क्षणात सगळी सिलिका होऊन जाईल, असे कोणीही म्हणेल. आणि येथेच गंमत आहे. तसे नेहमी होत नाही.

सिलिकॉनची सिलिका झाली की ती सव्वादोन पटीच्या आसपास फुगते. सपाट चकतीवर फुगण्याला वर मोकळे आकाश असते. गोल कणावर नवी काच जुन्या काचेच्या आत जन्मते आणि जुनीला बाहेर ढकलते. वाढत्या अंगाच्या मुलाला गेल्या वर्षीचा सदरा घातल्यासारखे होते. सदरा ताणला जातो आणि आतल्या अंगावर दाब येतो. १९८० नंतरच्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात काओ, मॅकव्हिटी, निक्स आणि सारस्वत यांनी सिलिकॉनचे गोल खांब आणि गोल भोके मुद्दाम तयार करून तापवली, आणि १९८७-८८ मध्ये दाखवले की वाकड्या पृष्ठावर पापुद्रा सपाटीपेक्षा हळू वाढतो. वाक जितका तीव्र आणि उष्णता जितकी कमी, तितका अधिक हळू. १२०० अंशांना हा फरक जवळपास नाहीसा होतो, कारण तेथे काच मऊ होऊन वाहते आणि सदरा सैल पडतो. १९९१ साली जपानात ओकादा आणि इजिमा यांनी सिलिकॉनचे सुटे सूक्ष्म कण तापवून ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. १९९३-९४ मध्ये स्टॅनफर्ड आणि झेरॉक्सच्या प्रयोगशाळेतील मंडळींनी अतिबारीक सिलिकॉनचे खांब ८०० ते ९५० अंशांच्या दरम्यान तासन्‌तास तापवले. बाहेर काच वाढत गेली आणि आत काही थोड्या नॅनोमीटरचा सिलिकॉनचा गाभा उरला, तो पुढे कमी होईना. भट्टी चालू, प्राणवायू चालू, आणि काम ठप्प.

ते का थांबते, यावर अजून एकमत नाही. कोणी म्हणतात, दाबामुळे सीमेवरचा संयोगच अडतो. कोणी म्हणतात, आवळलेली काच दाट होते आणि प्राणवायू झिरपेनासा होतो. माझ्या बोगद्याच्या भाषेत, गवंडी अडला की हमाल अडला, हा वाद आहे. मला दुसरे मत अधिक पटते. पण तो माझा अधिकार नव्हे. बर्झेलियसच्या तपकिरी भुकटीने जे १८२४ साली केले त्याचेच हे सूक्ष्म रूप आहे, एवढे मात्र म्हणता येईल.

याचा उपयोगही झाला. १९९० साली इंग्लंडात ली कॅनहॅम यांनी दाखवले की, सिलिकॉन अतिसूक्ष्म केले तर ते अतिनील प्रकाशाखाली तांबूस प्रकाशते, एरवी जे सिलिकॉन प्रकाश देण्याच्या कामी मुळीच येत नाही. गाभा जितका लहान, तितका रंग तांबड्याकडून पिवळ्याकडे सरकतो. म्हणून बेताने तापवून, पापुद्रा वाढवून, गाभा हव्या त्या मापाचा करणे हे एक तंत्रच झाले. विजेच्या घटांत सिलिकॉनची भुकटी वापरू पाहणाऱ्यांना मात्र तोच पापुद्रा नकोसा वाटतो, कारण तो लिथियम खाऊन बसतो.

आता ज्या कारणाने हा विषय मी व्याख्यानाला घेतला, ते. अशी भुकटी आता प्रयोगशाळेतून कारखान्यात आली आहे. ती पोत्यातून काढणारा, चाळणारा, भट्टीत भरणारा माणूस असतो. सिलिकॉनचा गोळा हातात घेतला तर तो दगडासारखा निरुपद्रवी; त्याचीच सुकी भुकटी हवेत उडाली तर ठिणगीने भडकू शकते. म्हणून जाणते उत्पादक ती एकदम हवेत आणत नाहीत. थोडा थोडा प्राणवायू सोडून आधी कणांवर पापुद्रा धरू देतात. भिंतीवरच्या तक्त्यात मात्र पदार्थाचे नाव असते, कणाचे माप नसते. गोळ्याचे गुण वाचून माणूस भुकटीला हात घालतो. मी संघटनेच्या बैठकांतून ही गोष्ट मांडू लागलो तेव्हा मला पुन्हा विचारले गेले, मापाने काय फरक पडतो? या वेळी मजजवळ उत्तर होते. मी अकरा-बारा खोल्यांचा हिशेब सांगितला. तक्त्यावर मापाचा रकाना वाढवून घ्यावयास आम्हांला आठ महिने लागले.

एवढ्या बारीक पापुद्र्याला रंग नसतो. पन्नास नॅनोमीटरच्या खाली डोळ्यांना फारसे काही दिसत नाही, तेथे मामाही हरले असते. म्हणून भुकटी तापवताना ती तराजूवर टांगून तापवतात आणि वजन पाहतात. प्राणवायू खाल्ला की वजन वाढते. एक ग्रॅम सिलिकॉन पुरते जळले तर २.१४ ग्रॅम सिलिका होते. सपाट चकतीवर ज्या उष्णतेला काही विशेष घडत नाही, तेथेही भुकटीचे वजन वाढू लागलेले दिसते. मग वाढ मंदावते, आणि काटा २.१४ च्या अलीकडेच रेंगाळतो. तो कोठे रेंगाळला यावरून आत किती गाभा उरला ते काढतात. पण भट्टी निवल्यावर मूस उघडणारा आजही आधी भुकटीकडेच पाहतो. ती तपकिरी असली तर आत सिलिकॉन शिल्लक आहे. पांढरीफेक झाली असेल तर सगळी वाळू झाली.